ती पहिल्यांदा सांगते कुणाला? खान्देशातल्या डॉक्टर, आशाताई, वकील आणि जमातीच्या पंचांनी शिकून घ्याव्यात अशा गोष्टी

समजा, भुसावळच्या एखाद्या दवाखान्यात संध्याकाळी सातच्या सुमाराला एक बाई येते. सोबत सासू. बाईचा डावा कान सुजलेला, मनगटावर वळ. डॉक्टर विचारतात, "काय झालं?" सासू म्हणते, "मोरीत पाय घसरला." बाई मान हलवते. डॉक्टर केसपेपरवर लिहितात, 'घसरून पडल्याने मार'. गोळ्या, मलम, पुढचा पेशंट.

दोन वर्षांनी हीच बाई खावटीसाठी कोर्टात उभी राहते. नवरा मारायचा, असं ती सांगते. समोरचा वकील तोच केसपेपर काढतो आणि विचारतो, "बाई, हे तुम्हीच डॉक्टरांना सांगितलं होतं ना?"

या गोष्टीत डॉक्टर वाईट नाही. जखम किती सेंटिमीटरची, कशाने झाली असावी, हे लिहायला त्याला कॉलेजात शिकवलेलं असतं. सासूला पाच मिनिटं बाहेर बसवून बाईला एकटीला कसं विचारायचं, हे शिकवणारं कुणी भेटलेलं नसतं. आपल्याकडे घरातल्या मारहाणीवर बोलणं झालं की कायदा, तलाक, कोर्टाचे निकाल यांवर बोलतात. ते हवंच. पण बाई कोर्टात पोचण्याच्या कितीतरी आधी कुणासमोर तरी बसलेली असते. डॉक्टर, नर्स, आशाताई, अंगणवाडी सेविका, उर्दू शाळेतल्या बाजी, मोहल्ल्यातले मौलाना, बिरादरीचे पंच. त्या पहिल्या माणसाला काम येत असेल तर पुढचं बरंच सोपं होतं. येत नसेल तर बाई गप्प होते, आणि पुन्हा बोलायला तिला वर्षं लागतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित महिलांपैकी साधारण २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या जेमतेम १४ टक्के. म्हणजे सातातली एक. ही आकडेवारी सगळ्या धर्मांची आहे, एकट्या आपल्या समाजाची नाही. पण सातातली ती एक आपल्या गल्लीतली असेल, तर ती कुणाकडे जाईल याचा विचार आपल्यालाच करायचा आहे.

वांद्र्याच्या सरकारी दवाखान्यातून सुरू झालेलं काम

महाराष्ट्रात याची दोन जुनी उदाहरणं आहेत, आणि दोन्ही आजही चालू आहेत.

पहिलं १९८४ चं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. शिकलेले समाजकार्यकर्ते थेट पोलिसांच्या इमारतीत बसवले. बाई तक्रार घेऊन आली की आधी तिचं नीट ऐकून घ्यायचं, मग तिला काय हवंय ते बघून पोलिसांशी, घरच्यांशी, वकिलांशी बोलायचं. पुढे राज्य शासनाने हे कक्ष मुंबईबाहेर जिल्ह्यांत नेले.

दुसरं 'दिलासा'. २००० च्या सुमारास 'सेहत' ही संशोधन संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये हे केंद्र उभं केलं. विचार साधा होता. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जाईलच असं नाही, पण दवाखान्यात येतेच. कधी जखम घेऊन, कधी नुसतं अंग दुखतं म्हणून, कधी झोप लागत नाही म्हणून, तर कधी विष घेतलं म्हणून. मग तिथल्याच डॉक्टर-नर्सना ओळखायला शिकवायचं आणि त्याच इमारतीत समुपदेशकाची खोली ठेवायची. बाहेरून तज्ज्ञ येऊन एक दिवस भाषण देऊन गेले, असं 'दिलासा'ने केलं नाही. हॉस्पिटलमधल्याच डॉक्टर-नर्सना प्रशिक्षक केलं, त्यांनी बाकीच्यांना शिकवलं. नंतर राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही ही केंद्रं सुरू झाली.

जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जळगाव, अमळनेर इथं समाजकार्य महाविद्यालयं आहेत, दरवर्षी पोरं-पोरी शिकून बाहेर पडतात. माणसं आहेत आणि इमारतीही आहेत. शिकवण्याची सवय तेवढी लावायची आहे.

एकटीला विचारा, आणि तिच्याच शब्दांत लिहा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पाठोपाठ २०१४ मध्ये एक हातपुस्तिका. त्यातली पद्धत कुणालाही जमण्यासारखी आहे. आधी ऐकायचं, मधे तोडायचं नाही. मग तिला आत्ता काय हवंय ते विचारायचं. तिच्यावर विश्वास आहे हे तोंडाने सांगायचं. ती आज रात्री घरी गेली तर सुरक्षित आहे का, ते तपासायचं. शेवटी पुढची मदत जोडून द्यायची. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट 'नवरा मारतो का' विचारत सुटा, असं त्यात सांगितलेलं नाही. खुणा दिसल्या तर विचारा, आणि एकांत असेल तरच विचारा.

एकांत हीच आपल्याकडे अडचण. सोबत नवरा, सासू नाहीतर नणंद असतेच. बाईला मराठी नीट येत नसेल तर तेच तिच्या वतीने बोलतात. मग काहीतरी युक्ती लागते. 'लघवी तपासायची आहे', 'वजन करायचं आहे', 'आतून तपासायचं आहे' असं सांगून नर्स तिला आत नेऊ शकते. सोबतच्या लहान मुलाला दुभाषा करू नये, मुलगी दहा वर्षांची असली तरी नाही. आणखी एक आपल्या बायांपुरतं. बुरख्याखाली मानेवरचे, दंडावरचे वळ दिसत नाहीत. पुरुष डॉक्टरने नर्सला बरोबर घेऊन, बाईची परवानगी घेऊन बघितलं पाहिजे. 'पर्देवाली आहे, कसं विचारायचं' म्हणून सोडून देणं हा अदब नव्हे, ती हयगय झाली.

विचारायचं कसं? "तुमच्यावर अत्याचार होतो का?" असं विचारलं तर बहुतेक जणी नाहीच म्हणतील. "भाभी, अशी जखम पडून होत नाही सहसा. घरात कुणी हात उचलतं का?" असं विचारलं तर वाट मोकळी होते. ती नाही म्हणाली तरी हरकत नाही. या दवाखान्यात असं विचारतात, एवढं तिच्या लक्षात राहतं. पुढच्या खेपेला ती कदाचित स्वतः बोलेल.

आणि मग लिहिणं. खान्देशातली मुस्लिम बाई घरात दखनी वळणाची उर्दू बोलते, बाजारात अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेरकडे तडवींची बोली. सरकारी कागद मात्र पुस्तकी मराठीत. ती म्हणते, "बाल पकडके दीवार पे सर मारा." कागदावर उतरतं, 'पतीने मारहाण केली'. केस धरून भिंतीवर डोकं आपटणं यात जिवाला धोका आहे, तो 'मारहाण' या एका शब्दात हरवून जातो. तिचं वाक्य अवतरणात, तिच्याच बोलीत लिहावं. कुणी मारलं, कशाने, कधी, याआधी किती वेळा, तेही. सासू 'पडली' म्हणत असेल तर ते सासूने सांगितलं असं लिहा, आणि जखम त्याच्याशी जुळत नसेल तर तसंही लिहा.

डॉक्टरांना सहसा माहीत नसलेली एक तरतूद आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ खालच्या नियमांनुसार, शासनाने अधिसूचित केलेल्या रुग्णालयाला अशा बाईला आधीचा कुठला अहवाल नाही म्हणून परत पाठवता येत नाही. कौटुंबिक घटना अहवाल भरलेला नसेल तर तो रुग्णालयानेच भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची.

गळा दाबला होता का?

शिकवण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन. हातपुस्तिकेत धोका ओळखायचे सहा प्रश्न आहेत. गेल्या सहा महिन्यांत मार वाढलाय का? त्याने कधी हत्यार वापरलं किंवा दाखवलं का? गळा दाबला का? तो आपला जीव घेईल असं तुला वाटतं का? पोटात मूल असताना मारलं का? तो सतत, हिंसक होण्याइतका संशय घेतो का? यातल्या तीन किंवा जास्त प्रश्नांना 'हो' आलं तर धोका मोठा आणि लगेचचा समजायचा. त्या रात्री तिला समजूत घालून घरी पाठवायचं नाही.

गळा दाबण्याबद्दल जास्त सांगावं लागतं, कारण बाहेरून काही दिसत नाही. मानेवर खूणही नसते कधी कधी. आवाज घोगरा झालेला, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके, मधे काही क्षण आठवत नाहीत, एवढंच असतं. रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर त्रास काही दिवसांनीही उद्भवू शकतो. "जरा गला पकडा था" असं बाई सहज बोलून जाते. आशाताईने ते वाक्य ऐकलं तर तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं.

फोनचंही सांगावं लागतं. हेल्पलाइनचा नंबर चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये टाकला की तो नवऱ्याला सापडतो. नंबर पाठ करून घ्या, किंवा दुसऱ्या नावाने सेव्ह करा. आधार कार्ड, निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स माहेरी किंवा विश्वासाच्या खालाकडे ठेवा. कायद्याच्या नियमांत सुरक्षा आराखड्याचा स्वतंत्र नमुनाच आहे आणि तो संरक्षण अधिकाऱ्याने बाईसोबत बसून भरायचा असतो.

जमातीच्या बैठकीत

आता थोडं अवघड. आपल्याकडे बऱ्याच बाया पोलिसांच्या आधी बिरादरीकडे जातात. जळगाव, धुळ्यात मन्यार, पिंजारी, खाटिक, बागवान, अन्सारी, तडवी अशा बिरादऱ्यांतले बुजुर्ग बसतात, दोन्ही घरं बोलावतात, समझोता होतो. याला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. खर्च नाही, बाई ओळखीच्या माणसांत बोलते, आणि मेहर, जहेजचं सामान परत मिळवून देण्यात पंच कधी कधी कोर्टापेक्षा लवकर काम करतात. सूरह निसामध्ये दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमण्याचा जो मार्ग सांगितलाय, त्यावरच ही रीत उभी आहे.

पण दोन माणसांचं पटत नाही, आणि एक माणूस दुसऱ्याला मारतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीत नवरा समोर, त्याचा मोठा भाऊ शेजारी, पंच त्याचेच चुलते. त्यांच्यासमोर बाईला विचारायचं, "बेटी, बोल क्या तकलीफ है." ती काय बोलणार? बोलली तर रात्री घरी त्याच माणसाबरोबर जायचंय. मग 'सब्र कर', 'मर्दाचा गुस्सा असतो', 'बच्चों का सोच' यावर बैठक उठते. कागदावर दोघांच्या सह्या, आणि त्या कागदात मार हा शब्दच नसतो.

या बाबतीत कायद्याचे नियम पंचांनाही वाट दाखवतात. कोर्टाने समुपदेशनाला पाठवलं तर समुपदेशक दोघांपैकी कुणाचा नातलग किंवा वादात हितसंबंध असलेला नसावा. शक्यतो बाई असावी. हिंसेचं समर्थन ऐकून घेतलं जाणार नाही, हे नवऱ्याला सुरुवातीलाच सांगायचं. पुन्हा हात उचलणार नाही अशी हमी त्याने द्यायची. 'तिने उलट उत्तर दिलं म्हणून मारलं' ही सफाई तिथं चालत नाही. हे चार नियम आपल्या जमातींनी आपणहून घेतले तर कुणी अडवलंय का? बाईशी आधी एकटीशी बोलायचं, तिच्या बाजूने एक शिकलेली बाई बैठकीत बसवायची, मार झाला असेल तर तो कागदात तारखेसह लिहायचा, आणि गळा दाबणं किंवा हत्यार यांचा उल्लेख आला की बैठक थांबवून पोलीस-दवाखाना करायचं. त्या वेळी समझोता करून देणारा पंच उद्या त्या मुलीच्या मय्यतीला खांदा द्यायला उभा असू शकतो.

तलाकबाबतही पंचांना कायदा ठाऊक असावा, नाहीतर चुकीची माहिती मशिदीच्या ओट्यावरूनच पसरते. खान्देश मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतो. याच खंडपीठाने २००२ मध्ये दगडू पठाण प्रकरणात पूर्णपीठाच्या निकालात सांगितलं की नवऱ्याने कोर्टात नुसतं 'मी तलाक दिलाय' म्हणून भागत नाही. कारण, समेटाचे प्रयत्न, मध्यस्थ, हे सगळं सिद्ध करावं लागतं. २०१९ च्या कायद्याने एका दमातला तिहेरी तलाक, फोनवरचा असो की व्हॉट्सअॅपवरचा, मुळातच रद्दबातल ठरवला. त्यामुळे अशा बाईला 'आता तू त्या घरात राहू शकत नाहीस' असं सांगणारा वकील किंवा पंच कायद्याने चुकतोय. ती अजून बायको आहे.

कायद्याची ओळख, कामापुरती

२००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या बायांना आहे. बायकोच नव्हे, तर त्याच घरात राहणारी आई, बहीण, विधवा भावजयसुद्धा त्याखाली दाद मागू शकते. त्यात शिव्या, टोमणे, मुलगा नाही म्हणून अपमान, नोकरी करू न देणं, खर्चाला पैसे न देणं हीसुद्धा हिंसा आहे. यातून कोर्ट संरक्षणाचा आदेश देतं, घरात राहण्याचा हक्क देतं, खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई देतं. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लागावा, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात करायला वकिलांनी विसरू नये. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड.

नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाचं जुनं ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं. खावटीचं १२५ कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. तलाकशुदा मुस्लिम बाईलाही या कलमाखाली खावटी मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने १० जुलै २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केलं. १९८६ चा कायदा आहे म्हणून हा रस्ता बंद होत नाही.

मारहाणीची खबर संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं. शेजारी, शिक्षिका, आशाताई, कुणीही. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. 'आपण कशाला मधे पडा' म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं.

शिकायचं कुठे, पाठवायचं कुठे

पोलीस आणि न्यायाधीशांसह सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाचं वेळोवेळी प्रशिक्षण देणं ही कायद्याने सरकारवर टाकलेली जबाबदारी आहे. सखी वन स्टॉप सेंटरच्या कर्मचाऱ्यांना मानसिक आधार कसा द्यायचा ते शिकवायला बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केंद्र सरकारसाठी २०२२ मध्ये 'स्त्री मनोरक्षा' प्रकल्प सुरू केला. मुंबईचं 'मजलिस' हे कायदा केंद्र राज्याच्या महिला व बाल विकास विभागाबरोबर संरक्षण अधिकाऱ्यांसाठी काम करत आलंय. 'सेहत'ची डॉक्टर-नर्ससाठीची पुस्तिका-साहित्य मागवता येतं. आपल्या भागातल्या डॉक्टर मंडळींच्या संघटनांनी, उर्दू शिक्षकांच्या संघटनांनी किंवा एखाद्या जमातीने मिळून अशा संस्थांना एका रविवारी जळगाव किंवा धुळ्याला बोलावलं तर खर्च एका इज्तेमाई शादीच्या मंडपापेक्षा कमीच येईल.

अडचण संरक्षण अधिकाऱ्यांची आहे. बऱ्याच ठिकाणी हे काम दुसऱ्या कामांचा बोजा असलेल्या अधिकाऱ्याकडे जोडून दिलेलं असतं. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमायला सांगितलं. रावेर किंवा चोपड्याच्या बाईला जळगावला, शिरपूरच्या बाईला धुळ्याला जाऊन यायचं म्हणजे रोजंदारीचा दिवस मोडतो, घरी कारण सांगावं लागतं ते वेगळंच. म्हणून तालुक्याला माणूस असणं गरजेचं आहे. आपल्या तालुक्यात कोण आहे, हे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी विचारावं, आणि उत्तर मिळालं की तो कागद दवाखान्यात, अंगणवाडीत आणि मदरशात लावावा.

महिलांसाठी २४ तास १८१, लगेच पोलीस हवे असतील तर ११२, मुलांसाठी १०९८. मनाचा त्रास असेल तर टेलिमानसचा १४४१६. वकिलासाठी १५१०० लावा किंवा जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, कारण १९८७ च्या कायद्यात महिलांना उत्पन्नाची अट नाही. कुणी मागितलाच तर त्या कायद्याचं कलम १२ दाखवा. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते, जळगाव किंवा धुळे गाठायची गरज नाही.